अनोळखी कपाटातला काचेचा डोळा

१

सकाळी साडेनऊला अनोळखी कपाट उघडून मी दुसऱ्या फळीवर हात घातला. पुस्तक नव्हतं.

तीनदा बोट फिरवलं. वरची फळी पाहिली, खालची पाहिली, शेवटी पालथी पडून कपाटाखाली पाहिलं. तिथे पेनाचं एक टोपण सापडलं.

अनोळखी कपाट म्हणजे ग्रंथालयातलं माझं राज्य. कादंबऱ्या, चरित्रं, परीक्षांची पुस्तकं सगळी खालच्या मोठ्या दालनात असतात. वर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत हे एकच कपाट. नियम साधा. पुस्तक माहितीचं हवं, गोष्टीचं नको, आणि त्या विषयावर आमच्याकडे तेवढं एकच पुस्तक हवं. बटणांचा इतिहास, शेवाळ ओळखण्याच्या खुणा, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या आठवणी, न करकरणारी दारं बसवायची कशी. त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक आलं की दोघांची रवानगी खाली, कारण विषय ओळखीचा झाला. नऊ वर्षं मी लोकांच्या माळ्यांवरून, बंद पडलेल्या छापखान्यांमधून ही पुस्तकं हुडकून आणतेय. दोनशे सात झाली. आज मोजली तर, वाचायला बाहेर गेलेलं एक धरूनही, दोनशे सहा.

हरवलेलं पुस्तक होतं 'काचेचा डोळा: कृती आणि अनुभव'. ऐंशी पानांचं. आणि ते हरवायला आजच्याइतका वाईट दिवस शोधून सापडला नसता.

कारण दुपारी चारला एक बाई ते पाहायला येणार होत्या. काचेचे डोळे घडवणं हाच त्यांचा व्यवसाय. त्यांनी पत्रात लिहिलं होतं, 'पांढऱ्या काचेवर बारीक लाल शिरा कशा बसवायच्या, ते आमच्या गुरूंनी पुस्तकात लिहून ठेवलं होतं. मला शिकवायच्या आधीच ते गेले. अकरा ग्रंथालयं पालथी घातली. तुमचं बारावं.'

मी ते पत्र नाचत नाचत मोठ्या साहेबांना दाखवलं होतं. मोठे साहेब म्हणजे आमचे नवे ग्रंथपाल, तीन महिन्यांपूर्वी आलेले. त्यांचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद, "ही पुस्तकं कोणी वाचत नाही." त्यांना ती खोली जादा खुर्च्या ठेवायला हवी होती. पत्र वाचून ते म्हणाले, "ठीक आहे. या बाईंना त्या पुस्तकाचा उपयोग झाला, तर कपाट राहील. नाही झाला, तर सोमवारी रद्दीवाला येईल."

आता पुस्तकच नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "कार्डावर आहे आणि कपाटात नाही. म्हणजे वाचत कोणी नाहीच, वर तुम्हाला सांभाळताही येत नाही."

माझ्या डोळ्यांपुढे दोनशे सहा पुस्तकं दोरीने करकचून बांधलेली दिसायला लागली. मी खाली येऊन आत्याला फोन लावला.

"कशालाही हात लावू नकोस," ती म्हणाली. "आलेच."

२

माझी आत्या पुस्तकांच्या सूच्या करते. पुस्तकाच्या शेवटी, कुठला शब्द कुठल्या पानावर आला ते सांगणारी जी यादी असते ना, ती. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे तिला माणसंसुद्धा तशीच दिसतात. कोण कुठे आलं, परत कुठे आलं आणि जिथे यायला हवं होतं तिथे का आलं नाही.

ती जिना चढून आली ती धापा टाकतच, पण डोळे लकाकत होते. "किती वर्षांनी काहीतरी बरं हरवलं तुझ्याकडे!"

"आत्या, माझा जीव जायची वेळ आलीय."

"जाऊ नकोस इतक्यात, कामाची आहेस." तिने पर्समधून भिंग काढलं आणि दुसऱ्या फळीपुढे वाकली. पुस्तकांच्या पाठी एकेक करून पाहिल्या. मग म्हणाली, "गाठींचं पुस्तक आणि गोंदाचं पुस्तक. या दोघांच्या मधे तुझा डोळा असायला हवा होता?"

"हो."

"मग खिंडार कुठाय?"

मी बघतच राहिले. दोन्ही पुस्तकं एकमेकांना घट्ट चिकटून उभी होती.

"चोराने पुस्तकं सरकवून जागा भरली असेल," मी म्हणाले.

"असेल. पण धूळ कशी सरकवली?" तिने भिंग माझ्या हातात दिलं. पुस्तकांच्या डोक्यांवर धुळीचा एक जाड, सलग पट्टा होता, गाठींवरून थेट गोंदावर गेलेला, मधे कुठेही न तुटलेला. "इथे शेवटचं फडकं कधी मारलंस? खरं सांग."

"दिवाणखाना नाहीये आत्या हा... सहा महिने झाले असतील. सात."

"म्हणजे सात महिन्यांपूर्वी फडकं मारलंस तेव्हाही पुस्तक इथे नव्हतं. काल-परवा कोणी काही नेलेलं नाही." तिने भिंग परत घेतलं. "तुझ्या साहेबांवर संशय होता ना तुझा?"

होता. सकाळपासून मी मनातल्या मनात त्यांना बेड्या घालून जिन्यावरून उतरवत होते.

"ते येऊन तीन महिने झाले. सुटले ते. आता बघू, सात महिन्यांच्या मागे या फळीला कुणाकुणाचे हात लागलेत." ती कपाटाला टेकली. "आणि एक सांगते. या फळीवर तुझी अगदी पक्की भिस्त होती म्हणूनच तुला कळलं नाही. ज्याने पुस्तक घालवलं, त्याचीही तशीच होती."

३

साडेअकराला आम्ही तळघरात बाइंडरकाकांकडे गेलो. गेल्या वर्षी वरच्या खोलीतला नळ गळून पहिल्या फळीवर पाणी पडलं होतं. सगळ्यात जास्त भिजली ती दोन पुस्तकं. एक काचेचा डोळा, त्याचं कव्हर आणि पहिली चार पानं तर लगदाच झाली होती. दुसरं, 'घंटा: ओतण्यापासून टांगण्यापर्यंत', फक्त पाठीतून उसवलेलं. दोन्ही बांधणीला गेली होती आणि परत आल्याची खूण माझ्या नोंदवहीत होती, आठ महिन्यांपूर्वीची. परत आल्यावर डोळा दुसऱ्या फळीवर ठेवायचा, हेही मीच लिहिलं होतं.

बाइंडरकाका बोटाला मेण लावलेला दोरा गुंडाळून एक पातळ पुस्तक शिवत होते. माझा प्रश्न ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तीस वर्षं झाली इथं. एक पान इकडचं तिकडं झालं नाही माझ्या हातून. दोन आली, दोन परत दिली. हे बघा." त्यांनी वही उघडून माझ्यापुढे आपटली. 'दोन पुस्तके परत', आणि खाली माझीच सही.

"काचेच्या डोळ्याचं आठवतं का, काका?" आत्याने हळूच विचारलं.

"बाई, मी पुस्तकं शिवतो, वाचत नाही. शेकडो येतात."

आत्याचं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. "हे किती पानांचं आहे?"

"साठ."

"एकटंच शिवताय?"

"छे हो. जोडीदाराची वाट बघतोय. असली किरकोळ पुस्तकं एकटी उभी राहत नाहीत, लवंडतात, कोपरे मोडतात. आमच्या उस्तादांनी शिकवलंय." त्यांनी दोरा दाताने तोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सही तुमचीच आहे ना, ताई? मग?"

पुस्तक परत आलं होतं, मी सही केली होती आणि पुस्तक नव्हतं. जिना चढताना मी तेच तेच घोकत होते.

आत्या मात्र गुणगुणत होती! मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "त्या दिवशी, सही केलीस त्या दिवशी, आणखी काय झालं होतं?"

मला लगेच आठवलं. त्या दिवसाने मला नऊ वर्षांतला सगळ्यात मोठा आनंद दिला होता. एका बंद पडणाऱ्या छापखान्यातून फोन आला होता की वजनकाट्यांच्या दुरुस्तीवर एक पुस्तक सापडलंय, तासाभरात या, नाहीतर गाडी भरतेय. मी दप्तर होतं तसं टाकून धावत सुटले होते.

"आणि मिळालं?"

"मिळालं! तिसऱ्या फळीवर आहे."

"हं," आत्या म्हणाली.

४

आता एकच संशयित उरला. समोरच्या इमारतीतले दाताचे डॉक्टर.

अनोळखी कपाटातून पुस्तकं नेणारं माणूस आमच्याकडे तेवढं एकच. घंटांचं पुस्तक बांधणीहून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नेलं, आणि आठ महिने झाले तरी दर पंधरा दिवसांनी येऊन मुदत वाढवून घेतात. परत द्यायचं नाव नाही. एक दाबून ठेवणारा माणूस दुसरंही दाबू शकतो, असा माझा हिशेब.

तीनला ते आलेच, पांढऱ्या कोटात, घाईघाईत. "मॅडम, घंटांचं पुस्तक, आणखी पंधरा दिवस."

"डॉक्टर, काचेच्या डोळ्याचं पुस्तक तुमच्याकडे आहे का?" मी सरळ विचारलं.

"असं पुस्तक आहे? आणि मला सांगितलं नाहीत?" ते खरोखर दुखावले. "कुठाय? मला हवं."

हा माणूस नाटक करत असेल तर त्याने दात सोडून रंगभूमीवर जायला हवं होतं. मी हताश होऊन आत्याकडे पाहिलं. घड्याळात तीन वाजून सहा मिनिटं झाली होती.

आत्याने त्यांना खुर्ची दिली. "घंटांचं पुस्तक कसं वाटलं?"

"काय सांगू तुम्हाला!" डॉक्टर बसलेच. "एवढी मोठी घंटा ओततात ती जमिनीत खड्डा करून, माहिताय? आणि थंड व्हायला आठवडा लागतो. मी पेशंटला सांगतो, घंटा आठवडा थांबते, तुम्ही दहा मिनिटं थांबा. मात्र शेवटी शेवटी लेखक भरकटलाय."

"भरकटलाय म्हणजे?"

"ओतकाम सोडून नळ्या फुंकत बसतो. मधेच भट्टीऐवजी छोटा दिवा येतो. लाल धाग्यांचं एक प्रकरण आहे, ते तर मी दोनदा वाचलं. सुंदर लिहिलंय! केसाहून बारीक लाल धागा कसा ओढायचा, ओल्या बोटाने कसा तोडायचा. पण घंटेला लाल धागे कशाला लागतात, ते मला अजून कळलेलं नाही."

आत्या पुढे झुकली. चाळीस वर्षांत तिने हा प्रश्न हजारदा विचारला असेल, पण एवढ्या हळू आवाजात कधीच नसेल.

"डॉक्टर, त्या पुस्तकाची सूची कुठे आहे?"

"सूची? आहे ना." त्यांनी आठवून पाहिलं. "मधे."

आत्या इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे पडली. "सापडला! पुस्तकही सापडलं आणि चोरही!"

"कोण?" मी आणि डॉक्टर एकदमच ओरडलो.

तिने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "तू."

५

रस्ता ओलांडताना मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आत्या पुढे, तिच्यामागे मी, माझ्यामागे कोट सावरत डॉक्टर. पुस्तक दवाखान्यातच होतं, बाहेरच्या बाकावर. "पेशंटना चाळायला ठेवलंय," असं डॉक्टरांनी जिन्यात सांगितलं.

बाकावर पुस्तक नव्हतं. ते खाकी गणवेशातल्या एका बसचालकाच्या मांडीवर होतं. त्याचा एक गाल सुजलेला, तोंडात कापूस आणि मान पुस्तकात.

"अहो, जरा ते पुस्तक..." मी हात पुढे केला.

त्याने वर न बघता पुस्तक छातीशी धरलं आणि दोन बोटं दाखवली. दोन पानं.

"आत्या, साडेतीन वाजलेत!"

"वाचणाऱ्याला मधे तोडायचं नाही," आत्या म्हणाली आणि ऐसपैस बसली. "तोवर ऐक. सूची पुस्तकाच्या शेवटी येते. सूची संपली की पुस्तक संपलं. तिच्या पुढेही पानं असतील तर ती त्या पुस्तकाची नाहीत, दुसऱ्याच कुणाची आहेत. डॉक्टर, सूचीनंतर पानांचे आकडे कितीपासून सुरू होतात?"

"पाचपासून. मला वाटलं, छापखान्याचा गोंधळ."

"पाच! कारण पहिली चार पाण्यात गेली," मी ओरडले. मला एकदम सगळं दिसायला लागलं. "नाव गेलं, कव्हर गेलं..."

"आणि बाइंडरकाकांच्या उस्तादांची शिस्त आठव. पातळ पुस्तक एकटं शिवायचं नाही, सारख्या मापाचा जोडीदार बघायचा. घंटा आणि डोळा एकाच दिवशी आले, मापही एकच. त्यांनी दोघांना एका कव्हरात शिवलं. आता त्यांच्या दृष्टीने ती किती पुस्तकं?"

"दोन," मी म्हणाले. "दोन आली, दोन परत."

"ते खोटं बोललेच नाहीत. तुझ्या हातात मात्र एकच ठोकळा पडला. तू मोजलंस?"

मी मान खाली घातली. मी कशाला मोजतेय? माझं मन तेव्हाच वजनकाट्यांकडे पळालं होतं. दोन वाचलं, दोन खुणा केल्या, सही ठोकली आणि धूम ठोकली. एक अनोळखी पुस्तक मिळवायच्या हावरटपणात दुसरं घालवून बसले होते. रडावं की हसावं कळेना.

"पण काकांनी कव्हरावर लिहायला नको का, आत दोन आहेत म्हणून?"

"त्यांनी लिहिलं असणार. कुठे, ते पुस्तक हातात आलं की सांगते."

तीन चाळीसला बसचालकाने दुसरं पान संपवलं. खिशातून दवाखान्याची पुढच्या तारखेची चिठ्ठी काढली, ती काळजीपूर्वक खूण म्हणून पानात घातली आणि मग पुस्तक माझ्या हातात दिलं. देताना बोटाने खूण केली की चिठ्ठी काढायची नाही.

६

चार वाजता वरच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला डोळे घडवणाऱ्या बाई. बाईंच्या बोटांवर भाजल्याचे बारीक पांढरे डाग होते. मी पुस्तक मधे ठेवलं.

"हे घंटांचं आहे," साहेब म्हणाले.

आत्याने कव्हर उघडलं. आतल्या बाजूला तारखांच्या कागदाचा खिसा चिकटवलेला होता. तो तिने भिंगाच्या कडेने अलगद उचलला. खाली पेन्सिलीने, बाइंडरकाकांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'सोबत काचेचा डोळा.'

"खिसा कुणी चिकटवला?" साहेबांनी विचारलं.

"मीच," मी म्हणाले. "सगळं मीच केलंय, साहेब." लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बरंही वाटलं.

बाई ऐकत नव्हत्या. त्यांनी सूची ओलांडली, पाचवं पान काढलं, मग भराभर पुढे गेल्या. एके ठिकाणी त्यांचा हात थांबला. ओठ हलत होते, बोट ओळीवरून सरकत होतं. "ओल्या बोटाने," त्या पुटपुटल्या. "चिमट्याने नाही, ओल्या बोटाने! सहा वर्षं मी चिमट्याने तोडतेय." आणि त्यांना रडू फुटलं. "त्यांचंच वाक्य आहे हो हे. असंच बोलायचे ते."

साहेबांनी घसा खाकरला. पण माणूस चिवट होता.

"उपयोग झाला, मान्य. माझा शब्द मी पाळतो. तरी माझा मुद्दा राहतोच. या कागदावर आठ महिन्यांत वाचक एकच आहे, हे डॉक्टर. एका माणसासाठी एक खोली?"

तेव्हा बाईंनी डोळे पुसून विचारलं, "मग या चिठ्ठ्या कुणाच्या?"

पुस्तकातून कागदाची टोकं बाहेर आलेली होती. घाईत मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. आत्याने एकेक पान उघडून मोजायला सुरुवात केली, चिठ्ठी न हलवता. प्रत्येक चिठ्ठी दवाखान्याच्या तारखेची, प्रत्येकीवर वेगळं नाव. दाढ, दाढ, कवळी, मुळाचं काम.

"चौदा," ती म्हणाली. "पाच घंटांमध्ये. नऊ डोळ्यांमध्ये."

"पुढच्या तारखेला आले की जिथे सोडलं तिथून वाचतात," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "म्हणून तर मी परत देत नव्हतो. त्यातल्या दोघांच्या दातांचं काम कधीच झालंय, तरी तपासायला येतात."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एक चिठ्ठी होती त्या पानावर ते वाकले आणि वाचू लागले. पान उलटलं. आणखी एक उलटलं. बाईंनी सौम्यपणे पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं.

"खुर्च्या खालीच राहू देत," साहेब म्हणाले. मी आत्याचा हात इतक्या जोरात दाबला की ती ओरडली.

दारापर्यंत जाऊन ते वळले. "हे... त्यांचं झालं की माझ्या नावावर टाका."

"तुमचं सभासद कार्ड नाहीये, साहेब. तीन महिन्यांत काढलंच नाहीत."

त्यांनी खुर्ची ओढली, अर्ज मागितला आणि गुपचूप भरून दिला. मी कोरा कागद घेऊन रांग लावली. सगळ्यात वर बाई, त्यांच्याखाली चिठ्ठ्यांवरची चौदा नावं, त्यातलं शेवटचं बसचालकाचं. मग साहेब.

"सोळावा नंबर," मी म्हणाले.

त्यांनी कागदावर नजर टाकली. "हा पंधरावा, बसवाला, लवकर वाचतो ना?"

"दोन पानांना दहा मिनिटं, साहेब," मी म्हणाले.